नाशिकहून भायखळ्याला: जुन्या वास्तूतली नवी कला पहिल्यांदा बघायला जाताना

मुंबईला दवाखान्यासाठी, मंत्रालयातल्या कामासाठी, लग्नाच्या बस्त्यासाठी जाणारे नाशिककर भरपूर आहेत. नुसती कला बघायला म्हणून पंचवटी एक्सप्रेसमध्ये बसणारे मात्र फारसे भेटत नाहीत. चला म्हटलं की बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं, "त्यातलं आपल्याला काय कळतंय?" नेमक्या त्याच मंडळींसाठी हे लिहितोय.

पहिल्यांदा जाणाऱ्याला मी भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय सुचवतो. कारण सरळ आहे. ही दीडशे वर्षांपूर्वीची इमारत आहे, तिचं जतन नीट झालं आहे आणि आत जुन्या वस्तूंच्या शेजारी आजच्या कलावंतांची प्रदर्शनं भरतात. आजची कला बघून गोंधळायला झालं तरी इमारत आपल्या ओळखीची वाटते. वाड्यांच्या गावात वाढलेल्या माणसाला खांब, जोतं, महिरप, कठडा हे वेगळं शिकवावं लागत नाही. म्हणून माझा आग्रह असा की सुरुवात वास्तूपासून करा आणि त्याच नजरेनं कलाकृतीपर्यंत जा.

आधी सराफ बाजारात अर्धा तास

मुंबईला जायच्या आधीच्या एखाद्या सकाळी, दुकानं उघडायच्या आत, सरकारवाड्यासमोर जाऊन उभे राहा. शेकडो वेळा तिथून गेला असाल, भांडी बाजारातून रविवार कारंजाकडे जाताना मान वर करून बघितलं असेल की नाही कोण जाणे. पेशवेकाळातला हा वाडा आज राज्य संरक्षित स्मारक आहे. त्याच्या दुरुस्तीचं काम बरीच वर्षं चाललं. आत जायला मिळालं तर उत्तमच, नाहीतर दर्शनी भागही पुरेसा आहे.

तीन गोष्टी शोधा. वाडा किती उंच जोत्यावर उभा आहे आणि का, हे आधी बघा. नदीकाठचा बाजार आहे, गोदावरीला पूर आला की सराफ बाजारात पाणी शिरतं, त्यामुळे बांधणाऱ्यानं काय विचार केला असेल ते लगेच लक्षात येतं. मग लाकडावरची नक्षी कुठं आहे आणि कुठं मुद्दाम सोडून दिली आहे ते बघा. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची: जुनं कुठं संपतं आणि नवं कुठं सुरू होतं. नव्या दगडाची धार, नव्या लाकडाचा रंग, चुन्याच्या जागी आलेलं सिमेंट, यातलं काही दिसतं का? दुरुस्ती करणाऱ्यानं नवा तुकडा लपवायचा प्रयत्न केलाय की उघड ठेवलाय?

हा तिसरा प्रश्न भायखळ्याला पुन्हा लागणार आहे.

वार आणि गाडी

भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी बंद असतं. ते ज्या आवारात आहे ती राणीची बागही, म्हणजे तिथलं प्राणिसंग्रहालयही, त्याच दिवशी बंद. सोबत फोर्टातली राष्ट्रीय आधुनिक कला दालनाची इमारतही करायची असेल, तर ती सोमवारी बंद असते. म्हणजे दोन्हीसाठी मंगळवार, गुरुवार आणि शुक्रवार चांगले. शनिवार-रविवारी दोन्ही उघडी असतात, पण राणीच्या बागेला जत्रेसारखी गर्दी असते. निघायच्या आदल्या दिवशी संग्रहालयाच्या संकेतस्थळावर वेळा आणि तिकिटाचा दर बघा आणि नवं प्रदर्शन लागलंय की दोन प्रदर्शनांमधला रिकामा काळ चालू आहे, तेही तपासा. आजची कला बघायला जायचं आणि दालनात मांडामांड चालू असायची, असं होऊ शकतं.

गाडी पंचवटीच. नाशिकरोडहून सकाळी सातच्या सुमारास सुटते आणि दादरला दहा-सव्वादहापर्यंत पोचते. आरक्षण 60 दिवस आधी उघडतं. सुट्टीच्या दिवशीचं जायचं असेल तर वेळेवर काढा आणि परतीचं त्याच वेळी काढून टाका. रोज ये-जा करणाऱ्या पासधारकांचे डबे वेगळे असतात, नवख्यानं चढण्याआधी डब्याचा क्रमांक नीट बघावा. इगतपुरीला गाडी थांबली की वडा-चहा होतो, पण पोटभर खाणं घरून नेलेल्या डब्यातून करा. पुढचे तीन-चार तास उभं राहायचं आहे.

स्वतःच्या मोटारीनं जायचा मोह होईल. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा 2025 च्या जूनमध्ये खुला झाल्यापासून कसारा घाटाचं दुखणं कमी झालंय, हे खरं. पण भिवंडी-ठाण्यापासून पुढं वेळेची काही खात्री देता येत नाही आणि भायखळ्याला गाडी लावायला जागा शोधताना अर्धा उत्साह तिथंच जातो. रेल्वेनं जा.

दादरला उतरा. तिथून मुंबई सीएसएमटीकडे जाणारी धिमी लोकल घेतली की परळ, करी रोड, चिंचपोकळी आणि मग भायखळा. बऱ्याच जलद गाड्याही भायखळ्याला थांबतात, पण पहिल्यांदा जाताना धिमीच बरी, चुकायचा प्रश्न येत नाही.

स्टेशनपासूनच बघायला लागा

भायखळ्याला उतरल्यावर लगेच बाहेर पळू नका. 1853 साली बोरीबंदर ते ठाणे पहिली आगगाडी धावली, त्या मार्गावरचं हे स्टेशन. जुन्या इमारतीचं जतन अलीकडेच झालं आणि त्याला 2022 साली युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागाचा वारसा जतन पुरस्कार मिळाला. रोज हजारो माणसं ज्या दारातून धावत जातात ते दार जतन केलेलं असू शकतं, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. लाकडी छत बघा, लोखंडी काम बघा. सराफ बाजारात विचारलेला प्रश्न इथंही विचारा, नवं कुठलं आणि जुनं कुठलं? पाच मिनिटं पुरतात.

मग पूर्वेकडे बाहेर पडा आणि राणीची बाग विचारा. जिजामाता उद्यान म्हटलं तरी सांगतात, पण राणीची बाग म्हटलं की लगेच हात वर होतो. चालत दहा-बारा मिनिटांवर आहे. दारापाशी डेव्हिड ससून यांच्या नावाचा घड्याळाचा मनोरा दिसला की पोचलात. संग्रहालय बागेच्या आवारातच आहे, पण तिकीट वेगळं. बागेच्या तिकिटाच्या रांगेत उगाच उभे राहू नका.

हत्तीपाशी थांबा

संग्रहालयाच्या इमारतीबाहेर एक मोठा दगडी हत्ती उभा आहे. बरेच लोक त्याच्यासमोर फोटो काढून पुढं जातात. तुम्ही त्याच्याभोवती पूर्ण एक फेरी मारा.

हा घारापुरीचा हत्ती. बंदराजवळ उभ्या असलेल्या याच हत्तीवरून पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा हे नाव दिलं. 1864 साली तो इंग्लंडला न्यायचा घाट घातला गेला. उचलताना तो पडला आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे या बागेत आणून टाकले गेले आणि 1914 साली पुन्हा जोडून हत्ती उभा केला गेला. आता त्याच्या अंगावरचे सांधे शोधा. पोटाकडून बघा, पायांकडून बघा. कुठं दगडाचा पोत बदलतो, कुठं रेघ दिसते. जतन म्हणजे काय, याचा यापेक्षा सोपा धडा मला माहीत नाही: फुटलेली गोष्ट पुन्हा उभी केली आहे आणि फुटल्याची खूणही शिल्लक आहे.

आवारातच काळा घोडाही आहे, म्हणजे खरा काळा घोडा, सातव्या एडवर्डचा तो राजपुत्र असतानाचा अश्वारूढ पुतळा. 1965 साली तो फोर्टातल्या चौकातून हलवून इथं आणला. चौकाचं नाव मात्र तसंच राहिलं. 2017 साली तिथं स्वाराविना दुसरा घोडा उभा केला गेला. दुपारी फोर्टात जाणार असाल तर आधी इथला स्वार बघून ठेवा.

पहिली फेरी फक्त इमारतीची

आत शिरलात की डोळे दिपतात. इथं बहुतेक जण पहिली चूक करतात ती म्हणजे पहिल्या कपाटापाशी जाऊन वाचायला लागतात. तसं करू नका. दालनाच्या मधोमध उभे राहा आणि खालून वर बघा.

पायाखाली इंग्लंडहून आणलेल्या मिंटन बनावटीच्या रंगीत फरशा आहेत. त्यांची नक्षी कुठून सुरू होऊन कुठं जाते ते पावलं टाकत बघा. मग खांब. दुरून लाकडी किंवा दगडी वाटतील, पण ते ओतीव लोखंडाचे आहेत. आपल्याकडचा सुतार सागवानाच्या खांबावर जी पानं-फुलं कोरायचा, तशी इथं साच्यातून लोखंडात उतरवली आहेत. खांबाच्या माथ्यावरचं सोनेरी काम बघायला मान चांगलीच मागं न्यावी लागते. जवळच्या दोन खांबांचे माथे एकमेकांशी ताडून बघा. कोरलेल्या लाकडात सुताराचा हात प्रत्येक ठिकाणी थोडा वेगळा पडतो, साच्यातल्या लोखंडात तो तसाच्या तसा परत येतो. हा फरक एकदा डोळ्यांना दिसला की एकोणिसाव्या शतकात जग कुठं चाललं होतं ते त्या दोन खांबांमध्येच दिसायला लागतं.

वरच्या मजल्याचा सज्जा चारही बाजूंनी फिरतो आणि मधली जागा छतापर्यंत मोकळी आहे. वाड्याच्या चौकाची सवय असलेल्या माणसाला ही रचना पटकन समजते. फरक इतकाच की इथला चौक झाकलेला आहे.

समोर राणी व्हिक्टोरियाच्या नवऱ्याचा, प्रिन्स अल्बर्टचा संगमरवरी पुतळा आहे. मॅथ्यू नोबल या शिल्पकारानं घडवलेला आणि डेव्हिड ससून यांनी दिलेला. हा पुतळा इथं का, याचं उत्तर इमारतीच्या गोष्टीत आहे, आणि ती गोष्ट थोडक्यात माहीत असलेली बरी.

मुंबईत सार्वजनिक संग्रहालय असावं यासाठी 1850 च्या दशकातच हालचाल सुरू झाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि जगन्नाथ शंकरशेट यांनी त्यासाठी पैसा उभा करायला पुढाकार घेतला. 1862 साली या इमारतीची पायाभरणी झाली आणि 1872 च्या मे महिन्यात ती व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम या नावानं लोकांसाठी उघडली. भाऊ दाजी ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतले डॉक्टर, संस्कृतचे जाणकार, जुनी नाणी आणि शिलालेख वाचणारे. अजिंठ्याच्या लेखांवर त्यांनी काम केलं. पांडवलेणीच्या भिंतीवरची ब्राह्मी अक्षरं लहानपणी बोटानं गिरवलेल्या कुणालाही या माणसाबद्दल आपुलकी वाटावी. संग्रहालयाला त्यांचं नाव मिळालं ते 1975 साली, त्यांच्या मृत्यूनंतर शंभर वर्षांनी.

मधल्या काळात इमारतीची अवस्था वाईट झाली. 2003 साली मुंबई महापालिका, वारसा जतनासाठी काम करणारी इन्टॅक ही संस्था आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांच्यात करार झाला आणि कामाला सुरुवात झाली. वास्तुविशारद विकास दिलावरी यांनी जतनाचं काम पाहिलं. युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक पुरस्कारांमधला सर्वोच्च पुरस्कार त्याला 2005 सालीच मिळाला. 2008 च्या जानेवारीत संग्रहालय पुन्हा उघडलं. पुढं आणखी एकदा दुरुस्तीसाठी बंद राहून 2025 मध्ये ते परत सुरू झालं. म्हणजे जुन्या इमारतीचं जतन एकदा करून सोडून देता येत नाही, ते करत राहावं लागतं. समुद्राची हवा आणि मुंबईचा पाऊस लोखंडाला सोडत नाहीत.

हे सगळं ऐकून झाल्यावर पुन्हा एकदा दालनाकडे बघा. इमारतीची फेरी म्हणून वीस मिनिटं तरी द्या.

मातीची माणसं

वरच्या मजल्यावर मातीच्या छोट्या प्रतिकृती आहेत: मुंबईतले वेगवेगळे लोक, त्यांचे धंदे, त्यांचे पोशाख, पगड्या. सोबत लहान मुलं असतील तर इथं त्यांना सैल सोडा, अर्थात काचेला हात न लावता. वयस्कर मंडळींना इथं नेहमी जास्त वेळ लागतो, कारण कुठली पगडी कुणाची, अमुक अवजार कशासाठी, हे त्यांना सांगायचं असतं. त्यांना सांगू द्या. संग्रहालयातली कुठलीही पाटी नाशिकच्या आजोबांइतकं सांगणार नाही.

या प्रतिकृती बघताना एक प्रश्न मनात ठेवा. ही माणसं कुणी, कुणाला दाखवायला घडवून घेतली? इंग्रजांच्या काळात इथल्या माणसांची वर्गवारी करून ती कपाटात मांडली गेली, ही या बाहुल्यांमागची दुसरी बाजू. आजचे कलावंत या संग्रहालयाकडे पुन्हा पुन्हा येतात ते बरंचसं याच प्रश्नामुळे.

आजची कला समोर आली की

इमारत पुन्हा उघडल्यानंतर संग्रहालयानं समकालीन कलावंतांना इथल्या संग्रहाला उत्तर द्यायला बोलावलं. सुदर्शन शेट्टी, जितीश कल्लाट, अतुल दोडिया अशा कलावंतांची प्रदर्शनं इथं झाली. त्यामुळे कधी एखादी नवी कलाकृती जुन्या कपाटांच्या शेजारीच दिसेल, कधी मागच्या आवारातल्या वेगळ्या दालनात. तुम्ही जाल तेव्हा काय असेल ते आधी सांगता येणार नाही, म्हणून इथं होऊन गेलेलं एक उदाहरण घेतो आणि ते कसं बघायचं ते पायरीपायरीनं सांगतो.

2013 साली रीना सैनी कल्लाट यांनी या इमारतीच्या दर्शनी भागावर एक प्रचंड जाळं टांगलं होतं. आकार कोळिष्टकाचा आणि ते बनलेलं होतं मोठमोठ्या रबरी शिक्क्यांचं. प्रत्येक शिक्क्यावर मुंबईतल्या एखाद्या रस्त्याचं ब्रिटिश काळातलं, पुढं बदललेलं नाव.

पहिली पायरी: नुसतं बघा, पाटी वाचू नका. काय दिसतं ते मनात मराठीत सांगा. जाळं आहे. मोठं आहे. इमारतीला लागलं आहे. जाळी-जळमटं कुठं लागतात? जिथं बरेच दिवस कुणी गेलेलं नाही अशा जागी.

दुसरी पायरी: कशाचं केलंय? जवळ जाता येत असेल तर जा. शिक्के. शिक्का तुम्ही शेवटचा कुठं बघितला? तलाठ्याकडे, तहसीलमध्ये, शाळेच्या दाखल्यावर. शिक्का बसला की गोष्ट अधिकृत होते आणि त्यानंतर तिच्याशी वाद घालता येत नाही.

तिसरी पायरी: आता पाटी. पाटीवर कलावंताचं नाव, कलाकृतीचं शीर्षक, वर्ष आणि माध्यम असतं. नवख्या माणसाला सगळ्यात उपयोगी ओळ माध्यमाची. कलावंतानं नेमकं हेच का वापरलं, तैलरंग किंवा संगमरवर का नाही, या एका प्रश्नावर निम्मी कलाकृती उलगडते. शीर्षक नसेल तर बिचकू नका, खूप कलावंत मुद्दाम देत नाहीत.

चौथी पायरी: ही गोष्ट इथंच का? हा प्रश्न वास्तूची फेरी मारून आलेल्यालाच पडतो, म्हणून तर ती आधी मारायची. ज्या इमारतीवर हे बदललेल्या नावांचं जाळं लागलं, तिचं स्वतःचं नाव 1975 साली बदललेलं आहे. व्हिक्टोरिया-अल्बर्ट गेले, भाऊ दाजी आले. जाळं आणि इमारत एकमेकांशी बोलायला लागतात ते इथं.

पाचवी पायरी तुमची तुम्ही. नाशिकच्या माणसाला इथं मुघलांच्या काळातलं गुलशनाबाद आठवेल, एखाद्याला आपल्या गल्लीचं फक्त आजी वापरायची ते नाव आठवेल. कलाकृतीच्या शेजारच्या मजकुरात हे लिहिलेलं नसतं आणि ते चुकीचंही नसतं.

या रीतीनं एक कलाकृती बघायला दहा मिनिटं सहज जातात. म्हणून संपूर्ण प्रदर्शन बघायचा हट्ट सोडा. एक फेरी भरभर मारा, तीन कलाकृती निवडा आणि त्यांच्यापाशी परत या. तीनपैकी एक तरी न आवडलेली असू द्या. न आवडल्याचं कारण सांगायला जास्त नीट बघावं लागतं. 'हे माझ्या मुलालाही जमलं असतं' असं वाटलं तर तेही वाटू द्या, पण लगेच पुढं विचारा की मुलानं हे साहित्य घेतलं असतं का, एवढ्या आकाराचं केलं असतं का, या जागी मांडलं असतं का. कधी कधी या तिन्हींचं उत्तर हो येतं. मग ती कलाकृती सोडून द्यावी. सगळंच चांगलं असतं असं नाही.

खोलीत वस्तू, आवाज, पडदा, माती असं सगळं मिळून मांडलेलं काम दिसलं तर ते मांडणशिल्प. त्यात आत शिरता येतं का, हे तिथल्या रक्षकाला विचारा. व्हिडिओ असेल तर मधूनच उठून जाऊ नका. पाटीवर किती मिनिटांचा आहे ते दिलेलं असतं, वेळ असेल तर सुरुवातीपासून एकदा पूर्ण बघा.

विचारायचं कोणाला

तिकीट खिडकीवर पहिला प्रश्न हा विचारा: आज मार्गदर्शकासोबतची फेरी आहे का आणि मराठीतून आहे का. असेल तर घड्याळ त्याप्रमाणे लावा. मात्र फेरीच्या आधी अर्धा तास स्वतः बघून घ्या, म्हणजे मार्गदर्शकाला विचारायला प्रश्न तयार असतात.

दालनातल्या रक्षकांशी बोला. दिवसभर त्याच वस्तूंमध्ये उभी असलेली ही माणसं, लोक कुठं थांबतात आणि कुठं हसतात ते त्यांनी बघितलेलं असतं. "दादा, तुम्हाला यातलं काय आवडतं?" एवढं विचारून बघा.

फोटोची परवानगी प्रदर्शनानुसार बदलते, दारातच विचारा. फ्लॅश कुठंच नको. पाठीवरची मोठी पिशवी काढून ठेवायला सांगतील, तेव्हा पाकीट, फोन, चष्मा आणि छोटी वही वेगळ्या छोट्या पिशवीत आधीच ठेवा. वही का? संध्याकाळी गाडीत बसल्यावर तीनपैकी दुसरी कलाकृती कोणाची, हे आठवत नाही. पाटीचा फोटो चालत असेल तर कलाकृतीआधी पाटीचा फोटो काढायची सवय लावा. आणि कशालाही हात लावू नका. रबर, लाकूड, पत्रा अशा रोजच्या वस्तूंनी घडवलेलं काम असलं की बोट आपोआप पुढं जातं. हाताचा घाम कागदाला आणि धातूला कालांतरानं डाग पाडतो, दिसायला वर्षं लागतात एवढंच.

मुलं बरोबर असतील तर आधी संग्रहालय, मग राणीच्या बागेतले पेंग्विन. उलटं केलंत तर मुलं परत यायची नाहीत. त्यांना चार कामं देऊन सोडा: सगळ्यात लहान वस्तू, सगळ्यात जुनी वस्तू, सोनेरी रंगाच्या पाच जागा आणि एक न समजलेली गोष्ट शोधून आणायची. चौथ्या कामावर घरची चर्चा बरेच दिवस चालते. गुडघे दुखणाऱ्यांनी वरच्या मजल्याला जायच्या आधी खाली बसून घ्यावं, आणि जिना चढायचा नसेल तर खालचं दालन सावकाश बघावं, तेवढ्यानंही फेरी वाया जात नाही.

वेळ उरला तर रीगलच्या चौकात

दुपारी दोनच्या आत भायखळा आवरलं आणि पायात दम असला, तर लोकलनं सीएसएमटीला या आणि टॅक्सीनं किंवा बसनं रीगल सिनेमाचा चौक गाठा. समोर सर कावसजी जहांगीर सभागृहाची इमारत दिसेल. 1911 साली बांधलेली, वास्तुविशारद जॉर्ज विटेट, ज्यांनी गेटवे ऑफ इंडियाही घडवलं. एके काळी इथं सभा आणि मैफली व्हायच्या. आतून पूर्ण बदल करून 1996 साली इथं राष्ट्रीय आधुनिक कला दालन सुरू झालं.

भायखळ्याहून लगेच इथं आलं की जतनाच्या दोन वेगळ्या रीती शेजारी-शेजारी बघायला मिळतात. भायखळ्याला आतली सजावट जशी होती तशी परत आणली. इथं बाहेरचं कवच ठेवलं आणि आत पायऱ्यापायऱ्यांची, एकावर एक चढत जाणारी अगदी नवी दालनं बसवली. सगळ्यात वर घुमटाखालचं दालन आहे. कुठली रीत बरोबर? मला भायखळा जास्त आवडतं, पण चित्रं बघायला इथल्या कोऱ्या भिंती सोप्या जातात हेही कबूल करतो. तिथं खांबांवरचं सोनं चित्राकडे जाणारी नजर ओढून घेतं, इथं चित्राशिवाय बघायला फारसं काही नसतं. तुम्ही दोन्ही बघून तुमचं ठरवा आणि बरोबरच्या माणसाशी त्यावर वाद घाला.

इथं जिने बरेच आहेत. थकला असाल तर तळमजल्यावरचं आणि शेवटचं घुमटाखालचं दालन बघा, मधली सोडा.

परतीची पंचवटी सीएसएमटीहून संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास सुटते. साडेपाचला रीगलहून निघा, त्या वेळी कार्यालयं सुटलेली असतात आणि टॅक्सी पटकन मिळत नाही. पाण्याची बाटली स्टेशनवर भरून घ्या. कल्याण गेलं की डब्यातली गर्दी जरा स्थिरावते, तेव्हा वही काढा आणि तिन्ही कलाकृतींची नावं, माध्यम आणि दोन-दोन ओळी लिहून टाका. नाशिकरोडला उतरेपर्यंत रात्रीचे दहा वाजत येतात, त्या वेळी शहरात यायला रिक्षा किती घेईल ते आधी ठरवून मगच बसा.